पदवीचा फोटो छापायला द्यायचाय, चारातला कुठला देऊ?

"ताई, नमस्कार. आमची मुलगी यंदा बी.एस्सी. ॲग्री झाली. माहेर-सासर दोन्हीकडचं धरून पदवी घेतलेली ही पहिली मुलगी. आमच्या समाजाच्या मासिकाचा गुणगौरव विशेषांक निघतोय, त्यात तिचा फोटो येणार आहे, दहा सेंटीमीटर उंच, आर्ट पेपरवर. इथल्या साप्ताहिकात पण अभिनंदनाची एक छोटी चौकट द्यायचीय. फोटो चार आहेत, मेलला जोडलेत. पहिला स्टुडिओतला, गाऊन, टोपी, हातात पदवीची पुंगळी, मला हा आवडतो कारण स्वच्छ आलाय, पण मुलगी म्हणते ही मी नाहीचे. दुसरा स्टेजवरचा, पाहुण्यांच्या हस्ते पदवी घेताना, ह्यांना तोच हवाय. तिसरा तिच्या मैत्रिणीने मोबाईलवर काढलाय, कॉलेजच्या पायऱ्यांवर, त्यात ती मोठ्याने हसतेय, दात दिसतात, गाऊन उघडा आहे आणि आत माझ्या सासूबाईंची इरकल नेसलीय ती दिसते. मुलीला हाच पाहिजे. चौथा सगळ्या बॅचचा. पंधरा दिवस घरात हाच विषय चाललाय. मासिकवाल्यांना २० तारखेच्या आत फोटो द्यायचाय. खालचा मजकूर पण पाठवतेय, तो बरोबर आहे का बघा. — एक आई, बार्शी तालुका"

ताई, सगळ्यात आधी लेकीचं मनापासून अभिनंदन, तिला माझ्याकडून एक पेढा जास्तीचा द्या. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि चारही फोटो नुसते स्क्रीनवर न बघता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन साध्या कागदावर काढून आणले, दोन मापांत, एकदा चार सेंटीमीटर रुंद म्हणजे साप्ताहिकाच्या एका कॉलमात बसेल तेवढे आणि एकदा दहा सेंटीमीटर उंच, मासिकाच्या मापाचे. ते आत्ता माझ्यासमोर टेबलावर आहेत आणि त्यांच्याकडे बघत बघतच हे लिहितेय. मी बावीस वर्षं प्रेसमध्ये पानं लावली, निकालाच्या आणि पदवीदानाच्या दिवसांत अभिनंदनाचे फोटो ढिगाने हातातून गेले, आणि तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीय, फोटो मोबाईलवर कसा दिसतो ते बघून काही ठरवायचं नाही. मोबाईलला मागून उजेड असतो, कागदाला नसतो, त्यामुळे स्क्रीनवर झकास दिसणारा फोटो कागदावर हमखास एक-दोन छटा काळवंडतो, आणि बोटांनी मोठा करून बघायची सोय तर कागदावर नसतेच.

उत्तर आधी सांगून टाकते, तिसरा द्या. मुलीचं बरोबर आहे. पण तुम्ही मला पाठवलीय ती फाईल मासिकाला द्यायची नाही, तिची मूळ फाईल मिळवायची, ते का ते पुढे सांगते.

आता तुमच्या आवडीच्या पहिल्या फोटोबद्दल, आणि इथे जरा स्पष्ट बोलते, राग मानू नका. हा फोटो चार सेंटीमीटरमध्ये काढल्यावर चेहऱ्याच्या जागी एक पांढरट लंबगोल आलाय, त्यात दोन डोळे आणि ओठ, बास. नाकाची कड गेली, गालाचा उंचवटा गेला, कपाळावर फ्लॅशचा गोळा आहे तिथे तर नुसता कागद दिसतोय. हनुवटी संपून गळा सुरू होतो ती जागा मात्र रेघ मारल्यासारखी उठून दिसते, कारण स्टुडिओवाल्याने चेहरा उजळवलाय आणि गळा होता तसाच ठेवलाय. आणि पुंगळी धरलेले हात बघा ताई. ते तिचे खरे हात आहेत, सावळे, उजव्या अंगठ्याजवळ एक छोटासा व्रण पण दिसतोय. चेहरा एकीचा आणि हात दुसरीचे असं झालंय ते.

ती "ही मी नाहीचे" म्हणते तेव्हा नखरे करत नाहीये हो, तिला जे दिसतंय तेच ती सांगतेय. चार वर्षं उन्हात प्लॉटवर उभं राहून शिकलेली मुलगी आहे, घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी आहे, आणि तिच्या पहिल्यावहिल्या छापील फोटोतून तिचा रंगच काढून घ्यायचा हे मला मनापासून खटकतं. तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला माहितीय, स्टुडिओत न विचारताच करून देतात, आणि स्वच्छ आलाय असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा गोरा आलाय एवढंच म्हणायचं असतं. सावळा चेहरा छपाईत चांगला येत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, चांगला उजेड असेल तर सावळ्या चेहऱ्यावरची चमक, गालावरचा प्रकाश, डोळ्यांतला ठिपका हे सगळं कागदावर फार सुंदर येतं, उलट जबरदस्तीने उजळवलेलाच चेहरा छपाईत मार खातो. त्याचं कारण असं की छपाई म्हणजे शेवटी शाईचे ठिपके, गडद जागेला मोठे ठिपके, फिकट जागेला बारीक, आणि एकदम पांढऱ्या जागेला ठिपकाच नाही, तिथे कोरा कागद. स्टुडिओवाल्याने गाल-कपाळ पांढऱ्याच्या इतकं जवळ नेऊन ठेवलंय की तिथे ठिपका धरायलाच काही उरलं नाही. दुसऱ्या टोकाला काळ्या गाऊनचं उलटं होतं, वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, प्रत्येक ठिपका छापताना पसरतो, मग गडद जागेतले ठिपके एकमेकांत मिसळतात आणि गाऊनच्या चुण्या, केस, मागचा गडद निळा पडदा सगळं मिळून एक काळा ठोकळा तयार होतो. तुमच्या पहिल्या फोटोत नेमकं हेच दोन्ही आहे, वर कोरा कागद आणि खाली काळा ठोकळा.

दुसरा फोटो तुमच्या मिस्टरांना का हवाय ते मी समजू शकते. स्टेजवर नाव पुकारलं, लेक चढून गेली, मोठ्या माणसाच्या हातून पदवी घेतली, तो क्षण त्या फोटोत आहे आणि बापाला तोच दाखवावासा वाटणार, त्यात त्यांचं काहीच चूक नाही. पण मिस्टरांना हा कागद दाखवा. पाहुणे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि लेक पाहुण्यांकडे, म्हणजे पाहुण्यांचा चेहरा पूर्ण आणि तिचा एक कान, एक गाल आणि टोपीची कड. चार सेंटीमीटरमध्ये तिचा चेहरा तुरीच्या दाण्याएवढा आलाय. शिवाय हा फोटोचा फोटो आहे ना, विकत घेतलेली प्रिंट टेबलावर ठेवून मोबाईलने काढलेला, वरून ट्यूबलाईटचा पट्टा अगदी तिच्या खांद्यावर पडलाय. अभिनंदनाच्या चौकटीत माणूस चेहरा शोधतो, प्रसंग नाही. हा फोटो घरासाठी ठेवा, फोटोग्राफरकडून त्याची सॉफ्ट कॉपी मागा, मोठी प्रिंट काढून बैठकीच्या खोलीत लावा, आल्यागेल्याला मिस्टरांनी खुशाल दाखवावा. सॉफ्ट कॉपी नाहीच मिळाली तर प्रिंट सायबर कॅफेत नेऊन स्कॅनरवर ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरून, स्कॅन करून घ्या, मोबाईलने परत फोटो काढू नका. प्रिंट सिल्क फिनिशची, म्हणजे हात लावला की खरखरीत लागणारी असेल तर ती खरखर पण स्कॅनमध्ये जाळीसारखी उतरते, तेवढं आधी तपासा.

चौथ्याचं फार बोलत नाही. एका ओळीत वीस मुलंमुली, फोटोची रुंदी १६०० पिक्सेल, म्हणजे एकीच्या वाट्याला ८० पिक्सेल. त्यातून तिला कापून काढली तर शेजारच्याचा खांदा आणि कुणाचा तरी हात तिच्यासोबत येणारच, आणि चांगल्या छपाईत तो तुकडा जेमतेम सात मिलिमीटरचा होईल.

आता तिसरा. हा मी काल रात्री पण बराच वेळ बघत बसले होते. उजेड कडुलिंबाच्या सावलीतला आहे, मऊ, चेहऱ्यावर कुठे कडक सावली नाही, फक्त डाव्या खांद्यावर उन्हाचा एक कवडसा आहे तो कापताना जमलं तर टाळायचा, नाही टाळला तरी चालेल. टोपी तिने डोक्यावर न घालता छातीशी धरलीय, हे तिने नकळत फार चांगलं केलं, कारण त्या चौकोनी टोपीची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि छपाईत डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात, असे किती फोटो मी रडवेल्या पालकांना परत पाठवलेत. हिचे डोळे दिसतायत, दोन्ही, आणि दोन्हीत उजेडाचा ठिपका आहे. दात दिसतात म्हणून तुम्हाला काळजी वाटतेय, वरचा एक दात पुढे आहे, हो, आहे. तिला ओळखणारं प्रत्येक माणूस तिला त्या हसण्यावरूनच ओळखत असणार. मी झेरॉक्सच्या दुकानात कागद हातात घेतला तेव्हा तिथल्या मुलाने, ज्याचा तुमच्याशी काडीचा संबंध नाही, तिसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, ही पास झाली वाटतं?

गाऊन उघडा आहे आणि आतली इरकल दिसते हे मिस्टरांना शिस्तीला धरून वाटत नसेल. पण छपाईच्या दृष्टीने ती साडी देवासारखी धावून आलीय, कारण काळा गाऊन मधून फुटलाय, पदराचा काठ तिरका वर गेलाय, त्यामुळे ठोकळा होत नाही आणि नजर आपोआप चेहऱ्याकडे जाते. आणि छपाई सोडा, सासूबाईंची साडी आहे ती. ज्यांना शाळा बघायला मिळाली नसेल त्यांची साडी नातीच्या पदवीच्या फोटोत आली तर अंक घरी आल्यावर त्या काय करतील विचार करा.

यावरून आनंदीबाई जोशींचा तो फोटो आठवला, तुम्ही पण शाळेच्या पुस्तकात नाहीतर कुठेतरी बघितला असेलच. १० ऑक्टोबर १८८५ चा, फिलाडेल्फियातला, त्यांच्या वैद्यकीय कॉलेजातल्या तीन विद्यार्थिनी, आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लाम्बुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. पदवी त्यांना पुढच्या वर्षी, ११ मार्च १८८६ ला मिळाली, म्हणजे फोटोत ना टोपी ना पुंगळी, तरी भारतातल्या पहिल्या डॉक्टर बायकांपैकी एक म्हटलं की आजही तोच फोटो छापला जातो, किती वेळा आणि किती वाईट कागदावर छापला गेला असेल त्याची गणती नाही, आणि तरी तीन बायका तीन वेगळ्या ओळखू येतात कारण चेहरे स्वच्छ उजेडात आहेत आणि कपडे त्यांचे स्वतःचे आहेत. आणि गाऊनचं म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच आपल्या वैद्यकीय संस्थांना कळवलंय की पदवीदानाला काळा झगा-टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेतला पोशाख ठरवा. तेव्हा इरकल दिसली म्हणून काही बिघडत नाही, हे मिस्टरांना माझ्या नावावर सांगा.

फाईलचं आता. तुम्ही पाठवलेली फाईल १२०० बाय १६०० पिक्सेलची आहे, म्हणजे ती व्हॉट्सॲपवरून आलीय, साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप त्याची लांब बाजू साधारण १६०० वर आणून ठेवतं. एवढी मोठी फाईल आहे की, असं वाटेल, पण फोटो किती पिक्सेलचा यापेक्षा तुम्ही कापून ठेवणार त्या तुकड्यात किती पिक्सेल उरतात ते बघायचं. ती पायऱ्यांवर पूर्ण उभी आहे, डोक्यापासून चपलेपर्यंत. मी मोजलं, तिचं डोकं साधारण १९० पिक्सेल उंच आहे, आणि डोक्यापासून टोपी धरलेल्या हातांपर्यंत कापलं तर तुकडा होतो ४७० पिक्सेलचा. आता हिशोब असा ठेवा, आर्ट पेपरवर चांगली छपाई हवी तर एका सेंटीमीटरला १२० पिक्सेल धरायचे, हेच ते प्रेसवाले ३०० डीपीआय म्हणतात ते, आणि वर्तमानपत्राच्या कागदाला सेंटीमीटरला सत्तर-पंचाहत्तरमध्ये भागतं कारण तिथली ठिपक्यांची जाळीच जाड असते. साप्ताहिकाच्या चौकटीत फोटो पाच सेंटीमीटर उंच येईल, त्याला ३७५ पुरतात, म्हणजे आहे ती फाईल पण चालून जाईल. पण मासिकाला दहा सेंटीमीटर, म्हणजे १२०० हवेत आणि आपल्याकडे ४७०. निम्मे पण नाहीत. तसाच छापला तर चेहरा पुसट येईल, केसांची कड पायऱ्या-पायऱ्यांची दिसेल, आणि शेजारी दुसऱ्या मुलीचा कडक स्टुडिओ फोटो असला की आपला अजूनच वाईट दिसेल.

मैत्रिणीच्या फोनमध्ये मूळ फोटो बहुतेक ३००० बाय ४००० चा असणार, फोनमध्ये साधारण तेवढेच निघतात. मग तोच तुकडा अडीच पट होतो, ४७० चे ११७५, म्हणजे मासिकाला हवा जवळजवळ तेवढाच. म्हणून तिला आज रात्रीच फोन करा, गॅलरी रिकामी करायच्या आत किंवा नवीन फोन घ्यायच्या आत, आणि सांगा की फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे पिनच्या चिन्हावर जाऊन गॅलरी न निवडता डॉक्युमेंट निवडायचं, किंवा सरळ मेल कर. एचडीचं बटण असतं ते साध्यापेक्षा बरं पण डॉक्युमेंट सगळ्यात खात्रीचं. स्क्रीनशॉट अजिबात नको. आणि तिला अजून एक विचारा, फोटो पोर्ट्रेट मोडवर काढलाय, मागचं सगळं धूसर केलंय ना, त्या नादात फोनने टोपीचा गोंडा अर्धा खाल्लाय आणि उजव्या कानाजवळच्या उडणाऱ्या बटा पुसून टाकल्यात, मोठा करून बघा, गोंडा हवेत लटकतोय. बहुतेक फोनमध्ये एडिटमध्ये जाऊन तो धूसरपणा कमी करता येतो किंवा काढता येतो, तसा काढूनच पाठव म्हणावं. मागच्या पायऱ्या आणि कडुलिंब दिसले तर दिसू देत, तिचं कॉलेज आहे ते.

मूळ फोटो हातात आला की त्याला नटवायचा मोह होईल, तो आवरा. घरातलं कुणी एखाद्या ॲपवर टाकून फोटो शार्प करून आणेल, त्यात पापण्या मोजता येतील, दात एका रेषेत येतील आणि सगळे म्हणतील वा. ती ॲपं फोटोत नसलेलं बारीक काम आपल्या मनाने भरतात, म्हणून निघतो तो चेहरा लेकीच्या बहिणीसारखा दिसतो, लेकीसारखा नाही. तसंच कॉम्प्युटरवर नुसतं ७२ डीपीआयचं ३०० लिहून घेतलं म्हणून पिक्सेल वाढत नाहीत, डीटीपीवाला, म्हणजे कॉम्प्युटरवर पान लावणारा, "करून देतो" म्हणाला तरी. मी स्वतः एवढंच करायचे, आठ दिवसांत जाणारं काढायचं आणि जन्मभर राहणारं ठेवायचं, म्हणजे कपाळावरची पुटकुळी काढली तरी चालते, तीळ, व्रण, रंग, दात यांना हात लावायचा नाही. उजेड थोडा वाढवून घ्या, कागदावर जरा काळवंडणार आहे म्हणून, तो सगळ्या फोटोचा वाढवायचा, नुसत्या चेहऱ्याचा नाही.

आणि पान लावणाऱ्या ऑपरेटरला ठणकावून सांगा की फोटो उलटा करायचा नाही. पानावर माणसाचं तोंड मजकुराकडे असलं की बरं दिसतं, त्यासाठी कधीकधी फोटो आरशासारखा फिरवतात. मी काम करायचे त्या प्रेसमध्ये एकदा एका मुलीचा साडीतला फोटो असा फिरवून छापला गेला, पान मीच तपासलं होतं, माझ्या लक्षात आलं नाही. अंक निघाला त्याच सकाळी तिच्या आजीचा फोन आला, म्हणाली, "अगं पदर उजव्या खांद्यावर घेतलाय हिने, आणि गालावरचा तीळ त्या बाजूला कसा गेला?" पदर, भांग, तीळ, घड्याळाचा हात, सगळं बदललं होतं. ती मुलगी अख्ख्या अंकात परकी झाली होती, आणि आम्हाला पुढच्या अंकात दिलगिरीच्या दोन ओळी छापण्यापलीकडे काही करता आलं नाही, ते मला अजून लागतं. तुमच्या लेकीची इरकल डाव्या खांद्यावर आहे, प्रूफ, म्हणजे छापायच्या आधी तपासायचं पान, आलं की पहिलं तेच बघा. सेल्फी द्यायचा असेल कुणाला तर त्यातही ही उलटापालट झालेली असू शकते, मागच्या फलकावरची अक्षरं उलटी दिसतायत का बघायचं.

फोटो पाठवताना तुम्ही स्वतः घट्ट कापू नका, पूर्ण पाठवा आणि सोबत कसा कापायचा ते लिहा, डोक्यावर थोडी जागा सोडून टोपी धरलेल्या हातांपर्यंत, हातांची कोपरं कापू नयेत. साप्ताहिक आतल्या पानावर काळंपांढरं छापत असेल तर आधी फोनमध्ये काळापांढरा करून बघा, लाल काठ आणि साडीचा गडद रंग एकसारखे राखाडी होतील, तरी या फोटोत चेहरा वेगळा उठतो, मी बघितलंय. आणि पाठवायच्या आधी झेरॉक्सवाल्याकडे पाच सेंटीमीटर उंचीची एक प्रिंट काढून सासूबाईंच्या हातात द्या, कुणाचा फोटो आहे ते न सांगता, चष्मा न लावता. त्यांनी नाव घेतलं की फोटो पास.

हक्काचा एक मुद्दा आहे तो थोडक्यात. आपण पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, हक्क आपला असतो, पण मैत्रिणीने सहज काढलेला फोटो तिचा. तिला विचारा, ती नाही म्हणणार नाही, आणि खाली बारीक अक्षरात छायाचित्र म्हणून तिचं नाव द्या, त्या पोरीला पण अंक जपून ठेवावासा वाटेल. आणि लेकीला पण विचारून घ्या की दोन्हीकडे छापायला तिची हरकत नाही ना, ती आता मोठी आहे.

राहिला मजकूर. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात लेकीचं नाव आहे, पदवी आहे, मग अमुक यांची नात, तमुक यांची कन्या, मग शुभेच्छुक म्हणून दोन्ही काका, मित्रमंडळ, आणि शेवटी घरचा मोबाईल नंबर. नंबर काढून टाका, अभिनंदन करणाऱ्यांकडे तो असतो आणि बाकीच्यांकडे मुलीच्या फोटोखालचा नंबर जायला नको. लेकीचं नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर आहे अगदी तसं, देवनागरीत टाईप करून द्या, हाताने लिहून त्याचा फोटो पाठवलात की ऱ्हस्वदीर्घ ऑपरेटरच्या मर्जीवर. आणि मजकूर तीन वेळा वाचला ताई, त्यात तुमचं नाव कुठेच नाही. तुम्ही कंसात लिहिलंय, जागा कमी आहे म्हणून. आपल्या महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव असं लावायचं ठरलंय, म्हणजे जागा सरकारने पण काढली. तुमची लेक त्याच्या आधी जन्मली म्हणून तिच्या आईला जागा नाही असं कसं होईल, सकाळी पाचला उठून चार वर्षं तिचा डबा कुणी केला? शुभेच्छुकांत "समस्त परिवार व मित्रमंडळ" एवढं पुरतं, काकांना मी समजावते हवं तर. त्या दोन ओळींची जागा मोकळी झाली की चौकटीत "सौ." आणि तुमचं नाव मिस्टरांच्या नावाच्या आधी, तिसऱ्या ओळीत बसतं, मी टाईप करून माप घेऊन बघितलंय.